एक आठवडा पुढे

आप्पांना पुण्याला नेऊन हृदयाची तपासणी करायची, एवढं पक्कं ठरलं होतं. मंचरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती आणि पुण्यातल्या दवाखान्याची तारीख त्यांच्या लेकीने, अक्षदाने, घेतली होती. ती घेताना तिने आधी आपल्या रिलीजचा दिवस बघितला. मंगळवारी रिलीज, बुधवारी रजा टाकून गावी जायचं, गुरुवारी सकाळी आप्पांना घेऊन दवाखान्यात. दुसऱ्या कुणाबरोबर जायला आप्पा तयार नव्हते. त्यांचे चुलतभाऊ चांगदेवकाका तरकारीचा टेम्पो घेऊन दिवसाआड पुण्याला जात. ते म्हणाले, "पुढं बस माझ्याशेजारी, नेऊन सोडतो दवाखान्याच्या दारात."

"तुझ्या टेम्पोत फ्लॉवर जातो, तोबी अर्धा कोमेजून पोचतो," आप्पा म्हणाले. "मी अक्षूबरूबर जाईन. तिची रिलीज झाली की."

महाळुंगे पडवळमध्ये रिलीज हा शब्द तोवर सिनेमाचाच होता. पारावर कुणी विचारलं, "कुठला पिच्चर, संपतराव?" की आप्पा चिडत आणि मग सगळं पहिल्यापासून समजावून सांगत. ऐकणारा कंटाळून उठला तरी ते त्याच्याबरोबर चार पावलं चालत जात आणि वाक्य पुरं करत.

अक्षदा पुण्यात एका कंपनीत होती. लिनक्स नावाची, कुणालाही फुकट घेता येणारी संगणकप्रणाली असते. तिच्याभोवतीचे हजारो लहानमोठे प्रोग्रॅम एकमेकांशी नीट नांदतील असे बांधून, तिची कंपनी वर्षातून दोनदा त्यांचा एक संच बाहेर काढी. प्रोग्रॅमच्या एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणत. अक्षदा पॅकेजं बनवत नसे. दुसऱ्यांनी बनवलेली पॅकेजं कुठे मोडतात ते शोधे. हे तिने पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे दुसरीनं थापलेल्या भाकरीला बोट लावून बघायचं, कच्ची हाय का."

"तसं न्हाई साळू," आप्पा म्हणाले, पण कसं ते त्यांनाही सांगता येईना.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांचा वेळ जावा म्हणून अक्षदाने एक जुना कॉम्प्युटर गावी नेऊन ठेवला. पुढे तिच्या लक्षात आलं, की कंपनीतली सगळी मशीनं नवी कोरी आणि आपली पॅकेजं तर लोक जुन्यापान्या मशीनवरच जास्त घालतात. मग रिलीजच्या आधी निघणाऱ्या चाचणीच्या सीड्या चांगदेवकाकांच्या टेम्पोतून गावी जाऊ लागल्या. आप्पा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून मशीनपुढे बसत. अक्षदाने शिकवल्याप्रमाणे सीडी घालत, सगळं नव्याने बसवत, एक पत्र टाइप करत, गाणं लावून बघत आणि संध्याकाळी फोन करत.

"एक नंबर! बटण दाबलं का नुसतं पळतंय."

"काही अडलं का कुठे?"

"छ्या! लोण्यावानी."

अशा दोन रिलीज गेल्या. अक्षदाच्या शेजारी बसणारा संयम जुन्नरचा होता. सोहनलाल शेठचं जुन्नरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, त्यांचा धाकटा. तो म्हणायचा, "तुझे आप्पा जगातले सर्वांत समाधानी टेस्टर आहेत. आमच्या दुकानात असं एक गिऱ्हाईक आलं तर बाबा त्याला घरी जेवायला नेतील." अक्षदा हसायची. तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मशीन जुनं आहे आणि पॅकेजं त्यावर चालतायत, म्हणजे चांगलंच आहे, असं ती धरून चालली.

संक्रांतीला ती गावी होती तेव्हा खरं काय ते कळलं. त्या वर्षी भारनियमनाने कहर केला होता. सकाळी लाइट जायची ती दुपारीच यायची, संध्याकाळी पुन्हा जायची. आप्पा मशीनपुढे बसले होते, पॅकेजं निम्मी-अर्धी बसली होती, आणि लाइट गेली. आप्पांनी चष्मा काढला, मशीनवर आईने शिवलेला अभ्रा घातला आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. दुपारी लाइट आली. मशीनने पडद्यावर काहीबाही लिहून दाखवलं आणि ते थांबलं. आप्पांनी वाचलंसुद्धा नाही. सीडी घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"आप्पा, हे असं किती वेळा होतं?"

"काय?"

"मधेच लाइट जाणं आणि मशीन अडकणं."

"दर खेपंला. लाइट न्हाई का जात?"

"मग मला कधी सांगितलं नाही ते?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "लाइट आमच्या गावची गेली. त्यात तुझ्या कंपनीचा काय दोष?"

मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. पत्र टाइप करताना जोडाक्षरं तुटायची. गाणं दोनदा वाजायचं आणि तिसऱ्यांदा गप्प व्हायचं. एकदा तर आठवडाभर मशीन उठलंच नव्हतं आणि त्याच आठवड्यात त्यांनी फोनवर लोण्याची उपमा दिली होती.

"सांगितलं असतं तर तुझ्याकडं खुलासा मागितला असता," आप्पा म्हणाले. "आपल्यापायी तुला कशाला वरच्यांची बोलणी."

अक्षदाला ते लगेच उमगलं नाही. आप्पांची सारी नोकरी कालव्यावर गेली होती. दारं किती उघडली, पाणी कुठवर पोचलं, भराव कुठे पाझरतो का, हे रोज वर कळवायचं. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी एका ठिकाणी पाझर दिसतो असं इमानाने कळवलं, तर साहेबाने उलट त्यांनाच विचारलं, तुमच्या हद्दीत पाझर झालाच कसा, खुलासा करा. तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत आप्पांच्या हद्दीत सर्व ठीक होतं. पाझर दिसला की ते दोन माणसं घेऊन स्वतःच चिखल-दगड भरत आणि वर ठीक म्हणून कळवत.

"आप्पा, आमच्याकडे उलटं आहे," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज चढलाच होता. "खोट काढणाऱ्याला शाबासकी मिळते. 'चालतंय' म्हणणारा टेस्टर काही कामाचा नाही. कुणी 'चालतंय' म्हणालं की आम्ही विचारतो, कशावरून? आणि लाइट जाते तेव्हा काय होतं, हे तर तुमच्याशिवाय आम्हाला कुणी सांगणारच नाही. पुण्यात सगळ्यांकडे बॅटऱ्या आहेत."

"म्हंजे मी जे झाकीत व्हतो, तेच तुला पायजे व्हतं."

"तेच."

आप्पा उठून आत चहा सांगून आले. दोन रिलीज आपण पोरीला फसवलं, हे त्यांच्या मनाला लागलं असावं. चहा झाल्यावर मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मंग आता ऐक. ते तारीख दाखवणारं घड्याळ हाय ना कोपऱ्यात? लई बेक्कार हाय."

त्यानंतर आप्पांनी जो सूड उगवला त्याला तोड नव्हती. ऑफिसात दुपारी फोन वाजला की संयम म्हणायचा, "घे, महाळुंग्याची तोफ." अक्षरं बारीक आहेत. 'ठीक आहे' असं बटणावर लिहिलंय, पण ते दाबल्यावर जे होतं त्याला ठीक म्हणत नाहीत. मागल्या खेपेला डाव्या अंगाला असलेला डबा उजव्या अंगाला कुणी नेला आणि कुणाला विचारून नेला? प्रोग्रॅममध्ये सापडलेल्या खोटी जिथे नोंदवतात, त्या साइटवर अक्षदाने आप्पांच्या नावाने खातं उघडलं. ते फोनवर सांगत आणि ती त्यांच्या नावाने इंग्रजीत नोंदवी. कुठल्या कुठल्या देशांतले इंजिनिअर त्यांना 'मिस्टर संपत' म्हणून उत्तरं देऊ लागले. ती उत्तरं ती फोनवर मराठीत वाचून दाखवायची. आप्पा ऐकायचे आणि म्हणायचे, "माणूस बरा दिसतोय. पर त्याला सांग, आधी नीट बघ म्हणावं."

त्या थंडीत अक्षदाने पाहिलं होतं, की आप्पा ओट्याच्या पायऱ्या चढताना मधे थांबतात, आणि थांबलो हे कळू नये म्हणून भिंतीचा पोपडा निरखतात. तिनेच आग्रहाने त्यांना मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं. चिठ्ठी तिथलीच.

एप्रिलमध्ये रिलीजला थोडेच दिवस राहिले असताना शेवटच्या सुधारणांची सीडी गावी गेली. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. आवाजात एक दबलेला उत्साह होता.

"बंद पडलं."

"काय बंद पडलं?"

"मशीन. उठतच न्हाई. काळ्या पाटीवर दोन वळी लिवतंय आन् गप बसतंय."

"लाइट आहे ना?"

"लाइट आत्ता आली. मी मुद्दाम लाइट जायच्या टायमाला सुरू केलं व्हतं. म्हटलं, बघू तर काय करतंय. ते भरत व्हतं आन् भप्पकन गेली. आता मेलेलं हाय."

"पुन्हा सुरू करून बघितलं?"

"चार येळा. अक्षू, ही खोट हाय का गं?"

"बघते," ती म्हणाली. तिने संयमला हाक मारली.

संयमने ऑफिसातल्या मशीनवर तीच सुधारणा सुरू केली आणि मधेच वायर उपटली. दोनदा मशीन उठलं. तिसऱ्यांदा उठलं नाही. दुपारपर्यंत कारण सापडलं. मशीन चालू होताना सगळ्यांत आधी वाचली जाते अशी एक फाइल असते. त्यांचं पॅकेज आधी जुनी फाइल पुसत होतं आणि मग नवी लिहीत होतं. मधल्या पाच-सात सेकंदांत वीज गेली तर जुनीही नाही आणि नवीही नाही. जुन्या, संथ मशीनवर ते पाच-सात सेकंद चांगले मिनिटभर लांबत.

संध्याकाळी फोनवर मीटिंग झाली. चार देशांतली माणसं होती. रिलीज सोडायची की थांबवायची, एवढाच प्रश्न. एकजण म्हणाला, वीज जाणं ही वापरणाऱ्याच्या घरची अडचण आहे, पॅकेजची नव्हे. अक्षदा एरवी मीटिंगमध्ये फार बोलत नसे. त्या दिवशी बोलली. म्हणाली, माझ्या गावात वीज रोज जाते. रोज जाते ती अडचण नव्हे, ते तिथलं हवामान आहे. हवामान सोसत नाही असं घर बांधून तुम्ही लोकांना राहायला देणार का? मग प्रमुख म्हणाले, ठीक आहे, दुरुस्ती करा, तपासा. रिलीज एक आठवडा पुढे.

संयमने टेबलावर थाप मारली. "जिंकलीस!"

तीही हसत होती. गुरुवार तिला आठवला तो जिना उतरताना. दुरुस्ती येणार, ती तपासायची, पुन्हा तपासायची, हे सगळं त्याच आठवड्यात, आणि तेही तिच्याच अंगावर. आताच तर तिने भांडून ते ओढून घेतलं होतं. एक दिवस संयमला सांभाळ म्हणता आलं असतं. तो नाही म्हणाला नसता. हे तिला तेव्हाही माहीत होतं. ती पायरीवरच थांबली आणि तिने घरी फोन लावला.

"आप्पा, तुमच्या खोटीनं रिलीज थांबली."

"काय सांगती! कुठं थांबली?"

"सगळीकडे. जगभर."

"अमेरिकेत?"

"तिथेही."

"साळू!" आप्पा फोन तोंडापासून दूर न नेताच ओरडले. "ऐकलं का, अमेरिका थांबवली म्या!" मागून आईचं काहीतरी उत्तर आलं, भाताबद्दल असावं. "आन् खुलासा? कुणी मागितला का तुला?"

"नाही. शाबासकी दिली. तुम्हाला."

आप्पांचा आवाज उतरला. मग म्हणाले, "नोकरीत येवढं झालं न्हाई कधी."

"पण आप्पा, मग ते गुरुवारचं..."

"मंग काय, आपलंबी एक आठवडा पुढं," आप्पा लगेच म्हणाले. "ज्या कामात घोळ आमीच घातला, ते आधी निस्तर."

"त्रास नाही ना काही?"

"न्हाई."

"चढताना, चालताना?"

"चालतंय की."

कशावरून, हे तिने विचारलं नाही. बरं म्हणाली आणि फोन ठेवला. दवाखान्यात फोन करून तारीख बदलून मागितली, तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं, "अर्जंट आहे का? तसं असेल तर तीच ठेवते." अक्षदा म्हणाली, "नाही, तसं काही नाही."

तपासणीचा तो मूळचा गुरुवार उलटला आणि शनिवारी सकाळी आप्पा गेले. ते पारावर जाऊन आले होते. अमेरिकेची गोष्ट त्या आठवड्यात त्यांनी गावात कुणाला सांगायची ठेवली नव्हती. ओट्यावर टेकले आणि पाणी मागितलं. साळुबाई तांब्या घेऊन आली तर मान कलली होती. चांगदेवकाकांनी टेम्पोतल्या पाट्या रस्त्यावर उतरवल्या आणि त्यांना पुढच्या सीटवर, आपल्याशेजारी, घेतलं. मंचर यायच्या आतच सगळं संपलं होतं. तरी काकांनी गाडी दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

अक्षदा तेव्हा ऑफिसात होती. दुरुस्त केलेलं पॅकेज आलं होतं आणि ती एका मशीनची वायर पुन्हा पुन्हा उपटून बघत होती. तिचा फोन खणात होता. काकांनी शेवटी सीड्यांसाठी घेऊन ठेवलेल्या संयमच्या नंबरावर लावला, आणि संयम खोलीत आला तेव्हा वायर तिच्या हातात होती.

दारावर माणसं येत राहिली. दशक्रियेची बोलणी पडवीत पुरुषमंडळी करत होती. आप्पांची थोरली बहीण, अंबाबाई आत्या, आल्या दिवसापासून साळुबाईच्या शेजारी बसून होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगत होती. त्या सांगण्यात दवाखान्याची तारीख यायची. "गुरवारची व्हती, पर लेकीला सवड न्हवती," असं आत्या म्हणायची. टोचून नव्हे, जसं घडलं तसं. अक्षदा ते ऐकून घेई. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

एके सकाळी संयम आला. आप्पांच्या फोटोला हात जोडून, साळुबाईच्या पाया पडून तो भिंतीशी बसला. निघताना अक्षदा त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेली.

"दुरुस्ती झाली?" तिने विचारलं.

"झाली. तू नको आता त्यात..."

"चालते?"

"आमच्याकडे चालते." तो थांबला. "पण आमच्याकडे तर आधीही तिसऱ्या खेपेलाच मोडत होतं. इथल्यासारखं पहिल्याच झटक्याला कुठेच मोडलं नाही. आणि त्या खोटीवर शेरा पडलाय, की ज्याने नोंदवली त्याने तपासून सांगावं. आप्पा गेले, हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. मी कळवतो त्याला."

"सीडी आणलीस का?"

संयमने खांद्यावरची बॅग सावरली. "बॅगेत आहे. काढणार नव्हतो. आई शप्पथ, अक्षदा, काढणार नव्हतो."

"दे इकडे."

मशीन आप्पांनी अभ्रा घालून ठेवलं होतं तसंच होतं. ते मेलेलंच होतं. अक्षदाने दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुसून पहिल्यापासून सगळं नव्याने बसवलं. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"बाप जाऊन धा दिस न्हाई झालं, आन् ही पेटी घेऊन बसलीस व्हय गं? दारावर लोक येत्यात."

"आत्या, थोडंच आहे."

"काय थोडं? आन् कुणासाठी?"

"करू दे तिला, वन्सं," साळुबाई आतून म्हणाली. "त्यांचंच ऱ्हायलेलं हाय ते."

लाइट जायची वेळ होत आली तशी अक्षदाने नव्या सीडीवरची सुधारणा सुरू केली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत होती. तिने वायरीला हात लावला नाही. मागच्या वेळी आपण सांगितल्याशिवाय आप्पा असेच वाट बघत बसले असतील, हे तिला दिसत होतं: पांढरा सदरा, मांडीवर हात, डोळे पट्टीवर. लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

आता दुपारपर्यंत काही करायचं नव्हतं. साळुबाई येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"आई, त्या आठवड्यात त्यांना दुखत होतं का?"

"दुखायचं. मधूनमधून."

"मग तू तरी मला..."

"मी म्हटलं त्यांना, अक्षीला सांगते. तर हातच जोडले." साळुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुझा फोन आला ना, रिलीज पुढं गेली म्हणून? लई खूश झाले. मला वाटलं, अमेरिकेची खुशी हाय. ती व्हतीच. पर रातच्याला जेवताना म्हणाले, बरं झालं साळू, एक आठवडा मिळाला. ते नळी घालून बघत्यात म्हणं काळजात. मला भ्या वाटतं."

अक्षदाने आईकडे पाहिलं.

"भ्यायले व्हते गं ते," साळुबाई म्हणाली. "कालव्यात उडी टाकणारा माणूस, पर दवाखान्याला भ्यायचा. तुला कसं सांगणार? तुझ्याम्होरं त्यांचा टेस्टरचा रुबाब."

तपासणीत काय करतात, किती वेळ लागतो, दुखतं का, हे अक्षदाने दवाखान्याच्या मुलीला सविस्तर विचारून घेतलं होतं. तिला सगळं माहीत होतं. ते आप्पांना सांगावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते दोघं फोनवर बोलत होते, आणि त्या बोलण्यात तिने त्यांना मशीनविषयी एकही गोष्ट विचारायची ठेवली नव्हती. तिने एक दिवसाची रजा काढली असती, तरी ते म्हणाले असते, राहू दे, पुढच्या आठवड्यात. मग त्यांचा हात धरून बस पकडावी लागली असती. ते तिला जमलं असतं का? जमलं असतं, असं तिला वाटलं. पण त्याला आता पुरावा कुठून आणायचा?

मायलेकी तशाच बसून राहिल्या. पडवीतून चांगदेवकाकांचा आवाज येत होता. दशक्रियेला येणाऱ्या पाहुण्यांना स्टँडवरून आणायला कुणाची गाडी सांगायची, यावर ते कुणाशी तरी वाद घालत होते.

लाइट आली. पंखा कुरकुरत सुरू झाला. अक्षदाने मशीनचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पहिल्या दोन ओळी आल्या आणि थांबल्या. तेवढ्या वेळात तिला कळलं, की हे उठू नये असं आपल्याला वाटतंय. उठलं नाही तर अजून एक आठवडा. खोट अजून उघडी, रिलीज अजून थांबलेली, आणि आप्पांनी सुरू केलेलं काम अजून संपलेलं नाही.

तिसरी ओळ आली. मग भराभर ओळी आल्या, पडदा निळा झाला, आणि कोपऱ्यात ते घड्याळ उमटलं, आप्पांना आवडत नसे ते.

तिने पत्र टाइप करून बघितलं. गाणं लावलं आणि आत्याला ऐकू जायच्या आत बंद केलं. लाइट संध्याकाळी जाण्याआधी दुसऱ्यांदा सुधारणा सुरू करून वायर उपटली. मशीन पुन्हा उठलं. मग तिने टेलिफोनची तार जोडली. साइट उघडायला पुष्कळ वेळ गेला. खोटीच्या पानावर नोंदवणाऱ्याच्या जागी आप्पांचं नाव होतं, आणि खाली त्या परक्या इंजिनिअरची नम्र ओळ होती: मिस्टर संपत यांनी कृपया तपासून कळवावं, ते म्हणतील तेव्हाच ही नोंद बंद करू.

आप्पांच्या खात्याचा पासवर्ड तिच्याकडे होता. आजवर त्यांच्या नावाने तिनेच लिहिलं होतं. आताही लिहिलं असतं, तर कुणाला शंका आली नसती, आणि वाक्यही तेच आलं असतं. ती थोडा वेळ बसली. मग तिने स्वतःच्या नावाने प्रवेश केला आणि लिहिलं: 'नोंदवणाऱ्यांच्याच मशीनवर, त्यांनी केली तशीच चाचणी केली. वीज मधेच गेली. एकदा आपोआप, एकदा मी घालवली. दोन्ही वेळा मशीन सुरू झालं. नोंदवणारे स्वतः तपासू शकत नाहीत, ते वारले. नोंद बंद करायला हरकत नाही.'

'वारले' हा शब्द इंग्रजीत लिहिताना तिने तो एकदा पुसला आणि परत लिहिला. त्या साइटवर कुणी असलं काही लिहीत नसे. पण ती वस्तुस्थिती होती आणि चाचणीच्या नोंदीत ती हवी होती.

पान जाता जाता अडकलं, मग गेलं. तिने मशीन रीतसर बंद केलं.

"झालं का गं तुझं?" आत्या दारातून म्हणाली. आवाज सकाळपेक्षा मऊ होता. "कळंबच्या बाया आल्यात. तुझ्या बापाच्या मामाकडच्या. इचारत्यात, लेक कुठं हाय."

"झालं," अक्षदा म्हणाली. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि बाहेर जाऊन आईशेजारी बसली. आत्याने नव्याने सांगायला सुरुवात केली होती. गुरुवारच्या तारखेपाशी ती आली तेव्हा अक्षदानेच तिचं वाक्य पुरं केलं.

"मी एक आठवडा पुढे ढकलली होती," ती म्हणाली.

बायकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांतली एक म्हातारी सरकून जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.